महीची उशी

॥ श्री ॥
मिरजेजवळचा दवाखाना
ता. ९ जानेवारी १९३३

ती. सोनाक्कास वच्छीचा नमस्कार.

महीच्या डोक्याखाली उशी आहे का? असली तर आधी उठून ती काढ. बाकीचं पत्र मागाहून वाच.

काढलीस? आता सांगते. माझ्या शेजारच्या खाटेवर मैंदर्गीची ईरम्मा आली आहे. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलते. काल दुपारी सगळ्यांनी गप्प पडून राहायच्या वेळी तिनं तिच्या भावजयीची हकिगत सांगितली. नऊ महिन्यांचं लेकरू. आईनं कौतुकानं कापसाची मऊ मऊ उशी शिवली, त्यावर त्याला निजवलं आणि दळायला बसली. लेकरू पालथं झालं, तोंड उशीत रुतलं. दळण आटोपून ती आत गेली तेव्हा सगळं संपलं होतं. ईरम्मा म्हणते, "रडलं बी न्हाय, अक्का. रडलं असतं तर ऐकू आलं असतं की." तेव्हापासून मला अंथरुणात पडून राहवत नाही, आणि इथं तर पडून राहण्यापलीकडे दुसरं कामच नाही.

मही सहा महिन्यांचा होता तेव्हा माझ्या छातीचा आजार निघाला. सासूबाईंना गुडघ्यांनी उठवत नाही म्हणून नातेपुत्याहून त्याला तुझ्या ओटीत आणून घातला. तेव्हा तो नुसता कुशीवर वळत होता. आता अकरा महिन्यांचा झाला. आता कसा निजतो, किती लोळतो, मला काही म्हणता काही ठाऊक नाही. तू लिहितेस "मजेत आहे". मजेत आहे म्हणजे काय? पालथा होतो का? पालथा झाला तर आपला आपण उलटतो का?

इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, दोन वर्षांचा होईपर्यंत त्याला उशी नकोच, सपाट अंथरूण बरं. तेव्हा ठरलं. दोन वर्षं उशी नाही. शपथ घालत नाही, पण घातल्यासारखीच समज.

तुझी वच्छी

•

सोलापूर
ता. १८ जानेवारी १९३३

चि. वच्छीस आक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून उठले आणि उशी काढली. होय बाई, होती. लपवून काय करू? शेजारच्या रत्नम्मानं थालीपिठाएवढी राळ्याची उशी शिवून दिली होती. त्यांच्यात काय नि आपल्यात काय, पोराचं डोकं गोल व्हावं म्हणून सगळ्याच देतात. आता काढली तर रत्नम्मा मागावरून उठून भांडायला आली. म्हणाली, "डोकं मागनं पाटासारकं व्हईल. मग पोरगी कोन देईल?" मी म्हटलं, त्याची आई डोंगराएवढी काळजी करते, पोरगी पण तीच शोधेल.

तू अजून तशीच आहेस. शाळेत पाटीवर बरोबर उत्तर लिहायचीस आणि मास्तर येईपर्यंत चारदा पुसायचीस. अगं, सोलापुरातली निम्मी पोरं उश्यांवर वाढली आहेत. पण तुझं पोर, तुझा शब्द. मही आता नुसत्या गोधडीवर निजतो.

आणि तो पालथा होतो, उलटतो, उभा राहतो, माझ्या डाळीच्या डब्यावर चढतो. संक्रांतीला तुझे दाजी त्याला खांद्यावर घेऊन गड्ड्याच्या जत्रेत गेले. गिरणीत साच्यावर उभं राहून उभं राहून त्यांच्या पायांचे खांब झालेत, तरी तीन तास फिरवलं. आता तरी जिवाला खाऊ नकोस. दूध पी. अंडी खा म्हणतात ना तिथं? मग खा, नाक मुरडू नकोस.

तुझी आक्का

•

मिरजेजवळचा दवाखाना
ता. २ मार्च १९३३

ती. आक्का,

ती राळ्याची उशी कुठं ठेवलीस? घरात असेल तर तो ती ओढून काढेल. शिवण उसवली आणि दाणा नाकात गेला तर? रत्नम्माला परत दे. तुझी स्वतःची उशी सकाळी उठल्यावर वर ठेवतेस ना? आणि गोधडीची घडी करून डोक्याशी देऊ नकोस, तीही उशीच झाली.

त्याचा वाढदिवस झाला. मी इथं ईरम्माला गूळ दिला. माझा ताप आता संध्याकाळीच येतो, तोही थोडा. वजन वाढलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, मन स्वस्थ ठेवल्याशिवाय वाढणार नाही. मन काय दावणीला बांधायचं जनावर आहे?

तो बोलतो का? काय बोलतो ते लिही. सगळं लिही.

वच्छी

•

सोलापूर
ता. २१ एप्रिल १९३३

चि. वच्छीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. ऊन असं आहे की दौतीतली शाईसुद्धा वाळते. मही दुपारी ओल्या फडक्याने पुसलेल्या फरशीवर निजतो. उशी नाही, गोधडी नाही, चटईसुद्धा नाही. आता फरशीलाही बंदी घालशील तर त्याला टांगूनच ठेवावा लागेल.

चालायला लागला. म्हणजे धावायलाच लागला, चालणं त्यानं मधल्यामध्ये गाळलं. गिरणीचा भोंगा झाला की दाराशी जाऊन दाजींची वाट बघतो. बोलतो काहीबाही, अजून नीट कळत नाही. मागून डोकं जरा चपटं झालं आहे खरं, पण टोपीत दिसत नाही.

रत्नम्माची उशी परत केली. ती माझ्याशी आठ दिवस बोलत नव्हती. आता बोलते.

आक्का

•

मिरजेजवळचा दवाखाना
ता. ११ जून १९३३

ती. आक्का,

परवा हे मला भेटायला आले होते. येताना सोलापूरला महीला बघून आले. त्यांना पोटात ठेवायची सवय नाही, तुला ठाऊक आहे. हसत हसत म्हणाले, "पोरगं लई बेस हाय बग. आक्कास्नी आई म्हनतंय, आन् मला बघून त्येंच्या पदराआड पळतंय."

तू मला लिहिलंस, बोलणं अजून नीट कळत नाही.

मी तुला दोष देत नाही. पोर ज्याच्या हातून जेवतं त्यालाच आई म्हणणार. पण आक्का, मी इथं कशाच्या जोरावर कच्ची अंडी गिळते आहे? परत गेल्यावर त्यानं मला ओळखावं, एवढ्याच एका आशेवर. तो मला विसरला तर मी बरी होऊन काय करू?

म्हणून ऐक. मी रात्रंदिवस विचार करून ठरवलं आहे. महीला आता उशी द्यायची. दोन वर्षांचा नेम मीच केला होता, मीच मोडते. तो आता धावतो, आपला आपण उलटतो, म्हणजे भीती राहिली नाही. आज परत निघताना ह्यांच्या हाती माझं मोरपिशी लुगडं पाठवलं आहे. त्याची उशी शिव. आत तुझ्याकडचं जुनं फडकं भर, पातळ कर. आई जवळ नसली तर तिचं नेसतं लुगडं उशाला द्यावं, मूल दचकत नाही, आईला विसरत नाही, असं आपली आई म्हणायची ते तुला आठवत असेल. म्हणूनच ते मी मुद्दाम धुतलेलं नाही. तूही धुऊ नकोस. धुतलंस तर नुसतं कापड उरेल.

इथल्या नर्सबाईंना सांगितलं नाही. हजार प्रश्न विचारतात. ह्यांच्या पिशवीत तळाशी घातलं.

वच्छी

•

सोलापूर
ता. २४ जून १९३३

चि. वच्छीस आशीर्वाद.

लुगडं पोचलं. उशी शिवली. मही तिच्यावर निजतो. दचकत नाही.

तो मला आई म्हणतो हे खरं आहे. चाळीतली पोरं म्हणतात तसं म्हणतो. मी शिकवलेलं नाही. लिहायला हवं होतं, लिहवलं नाही.

तू जेव.

आक्का

•

मिरजेजवळचा दवाखाना
ता. १५ जुलै १९३३

ती. आक्का,

तुझं पत्र एवढंसं होतं, पण मी ते उशाखाली ठेवते. काय जादू झाली बघ, माझं वजन वाढलं! संध्याकाळचा ताप येईनासा झाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय केलंस? मी हसले फक्त. दुपारी पडून राहायचं म्हटलं की पूर्वी अंगाला काटे टोचायचे. आता डोळे मिटते आणि मनात म्हणते, महीही आत्ता निजला असेल, माझ्या लुगड्यावर गाल टेकून. आणि मला खरंच झोप लागते.

कोणता गाल टेकतो? उशी हातात धरून फिरतो का? ह्यावेळी मोठं पत्र लिही. तुझ्यावर रागावले होते ते विसर. बोलून गेले, बाई.

तुझीच वच्छी

•

मिरजेजवळचा दवाखाना
ता. ३ ऑगस्ट १९३३

आक्का, ती उशी काढ. चिमट्यानं उचल आणि जाळ. हात सोड्यानं धू. महीला आत्ताच्या आत्ता डॉक्टरला दाखव.

आज ईरम्मानं तिचं पांघरूण भावाबरोबर घरी पाठवायला काढलं होतं. नर्सबाईंनी पकडलं. सगळ्यांसमोर तिला विचारलं, घरात लहान मूल आहे का? मग म्हणाल्या, हे पांघरूण उकळल्याशिवाय घरी नेणं म्हणजे आजारच पुरचुंडीत बांधून नेणं. नुसत्या थुंकीनं होतं असं नाही. थुंकी कपड्याला लागते, कपड्यात वाळते.

मी त्या लुगड्यात खोकले आहे. पदर तोंडाला लावून खोकले आहे. तोच पदर मी माझ्या पोराच्या नाकाशी पाठवला. आणि वर लिहिलं, धुऊ नकोस.

तो खोकतो का? तू गेल्या पत्राचं उत्तर पाठवलं नाहीस. का नाही पाठवलंस? आक्का, तो बरा आहे ना? पत्र नको, तार कर. एक शब्द कर.

•

सोलापूर
ता. ६ ऑगस्ट १९३३

चि. वच्छीस आशीर्वाद.

"मही बरा" अशी तार सकाळी केली, ती पोचली असेल. आता सगळं सांगते.

उशी शिवलीच नव्हती. तुझं लुगडं महीच्या डोक्याखाली एक दिवसही गेलं नाही.

भाऊजींनी पिशवीतून ते काढलं ते मी लगेच हातातून घेतलं. मही सोलापूरला आला तेव्हाच आमच्या चाळीजवळच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की आईचं पांघरूण-कपडे ह्याच्याजवळ आणू नका. मी ते बाजूला ठेवायला वळले, तेवढ्यात मही आला. त्यानं पदर ओढला आणि तोंडाला लावला. हे तुझ्यापासून लपवणार होते, पण आता एक लपवून दुसरं सांगण्यात अर्थ नाही. मी हिसकावून घेईपर्यंत तो त्यात तोंड खुपसून हसला. तुला ओळखून हसला की रंग आवडला म्हणून हसला, मला ठाऊक नाही. मी त्याचं तोंड-हात धुतलं, त्यानं आकांत मांडला, आणि मी न्हाणीच्या चुलीत लुगडं घातलं. मोरपिशी रंग जळताना मीही रडले.

त्याला डॉक्टरांकडे नेलं. पंधरा दिवसांनी पुन्हा नेलं. काल तुझं पत्र आल्यावर परत नेलं. छाती स्वच्छ आहे. खोकला नाही, ताप नाही. खातो दांडगं.

मग तुला खोटं का लिहिलं? "जाळलं" असं लिहायला बसले होते. पण ते वाचून तू अन्नपाणी सोडशील असं वाटलं. म्हटलं, दोन ओळी खोट्या लिहू, ती जेवेल तरी. तू जेवलीसही. कोणता गाल टेकतो म्हणून विचारलंस, तेव्हा मात्र मला पुढं लिहवेना. आधीचं खोटं निभावून नेलं असतं, पण त्याचा गाल मला बनवता येईना.

काय बोलायचं ते बोल. पण बोल.

आक्का

•

सोलापूर
ता. १९ सप्टेंबर १९३३

चि. वच्छी,

पत्र नाही. भाऊजी लिहितात, तुझी तब्येत सुधारते आहे, म्हणजे हातात पेन्सिल धरता येत असणार. एक कोरं कार्ड तरी टाक. कोरं आलं तरी मी समजेन की तू रागावली आहेस. हे काहीच न येणं सोसवत नाही. टपालवाला चाळीत शिरला की मी हातातलं टाकून दाराशी जाते, आणि तो रत्नम्माकडे वळतो.

मही बरा आहे. नुसत्या गोधडीवर निजतो.

आक्का

•

नातेपुते
ता. ३१ ऑक्टोबर १९३३

ती. सोनाक्कास वच्छीचा नमस्कार.

मी घरी आले. दिवाळीनंतर डॉक्टरीणबाईंनी सोडलं. थुंकी तपासली, साफ आली. म्हणाल्या, मूल दिवसा मांडीवर घे, खेळव. निजवायचं मात्र दुसऱ्या खोलीत, सासूबाईंजवळ, आणखी एक वर्ष. दर दोन महिन्यांनी दाखवायला जायचं.

तुला इतके दिवस लिहिलं नाही, कारण तू बरोबर होतीस. चुकली असतीस तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. मी महिनाभर त्या खोट्या उशीवर सुखानं झोपले, आक्का. माझं वजन वाढलं ते त्या खोटेपणानं वाढलं. आणि खरं बोलली असतीस तर मी कदाचित मेले असते. ह्याचा राग कुणावर काढू?

पडल्या पडल्या एकच विचार करत होते. जानेवारीत मी उशी काढायला लावली ती महीसाठी. जूनमध्ये उशी शिवायला लावली ती माझ्यासाठी. त्यानं मला विसरू नये म्हणून मी त्याच्या नाकाशी मरण पाठवलं आणि मला ते दिसलं नाही. तुला दिसलं. तू एका क्षणात हिसकावलंस. मग आई कोण?

हे म्हणतात, सोलापूरला जाऊन त्याला घेऊन येतो. मीच अडवून धरलं आहे. तो रडत येईल, मला परकी समजेल, आणि तुझं घर रिकामं होईल. तुझी कूस देवानं भरली नाही. मही तुझ्याजवळच राहू दे. तो तुला आई म्हणतो, म्हणू दे. मी सणावाराला येत जाईन, मावशीसारखी. त्याला उशी कधी द्यायची ते तू ठरव. मला विचारू नकोस.

हे रागानं लिहिलेलं नाही. तीन दिवस थांबून लिहिलं आहे.

वच्छी

•

सोलापूर
ता. ४ नोव्हेंबर १९३३

चि. वच्छीस आक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. पीठ मळत होते, तशाच पिठाच्या हातानं फोडलं. खरं सांगू? वाचून मला आनंद झाला. तुझी कीव मागून आली, आधी आनंद झाला. हातावरचं पीठ वाळलं तरी मी बसून होते. महीला कोणत्या शाळेत घालायचं, इथपर्यंत माझं जाऊन आलं.

तेवढ्यात दाजींनी विचारलं, "काय लिवलंय वच्छीनं?" मी म्हटलं, "काय न्हाय. बरी हाय."

वच्छे, लुगड्याचं खोटं मी महीसाठी बोलले होते. हे माझ्यासाठी बोलले. तोंडातून शब्द गेला आणि मी घाबरले. पहिल्यापेक्षा हे किती सोपं गेलं!

तेव्हा दाजींना सगळं पत्र वाचून दाखवलं आणि त्यांना रजा काढायला लावली. उद्या सकाळी आम्ही महीला घेऊन निघतो. कुर्डुवाडीला गाडी बदलून पुढं मोटारीनं. हे पत्र आजच्या टपालात टाकते, आधी ते पोचेल की आम्ही, सांगता येत नाही.

तो पहिल्यांदा तुझ्याकडे येणार नाही. रडेल, जेवणार नाही, मला शोधेल. तेव्हा "मी म्हटलंच होतं" असं म्हणून हातपाय गाळू नकोस. वरण-भातात तूप जास्त घाल, त्याला आवडतं. घरात कोंबड्या असल्या तर त्याला त्यांच्यामागं सोड, रडणं थांबेल. चिडला की जमिनीवर आडवा होतो, उचलायला जाऊ नकोस, आपण उठतो.

उशी अजून दिलेली नाही. मागच्या आठवड्यात रत्नम्माच्या पोराची ओढून घेऊन तिच्यावर बसला होता, तेव्हा कशाला हवी ते त्यालाही ठाऊक नाही. ठरवायचं तूच. चूक ठरवलंस तर पुन्हा ठरव. मी एकदा तुझ्यामागं ठरवलं, तेवढं पुरे झालं. आई चुकते म्हणून पोर दुसऱ्याला द्यायचं ठरलं तर गावात कुणाच्या घरात पोर उरायचं नाही.

मी राहायला थांबणार नाही. तो दुपारी निजला की निघेन. चहाचासुद्धा आग्रह करू नकोस.

दाजी म्हणत होते, परवाची गाडी बरी, गर्दी नसते. पण परवापर्यंत माझा मलाच भरवसा नाही.

तुझी
आक्का